तटबंदींतील चोरदरवाजा

किल्ल्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणारास एक गोष्ट लवकरच कळून येते. तट किती उंच होता, बुरूज किती होते, खंदक किती रुंद होता, या प्रश्नांना महत्त्व असतें खरें; परंतु किल्ला हातीं राहिला कीं गेला याचा निकाल पुष्कळदां वेगळ्याच प्रश्नावर लागलेला असतो. दरवाजाच्या किल्ल्या कोणाजवळ होत्या, आणि त्या त्याच्याजवळ आहेत हें कोणाकोणास ठाऊक होतें, हा तो प्रश्न होय. दगडाची भिंत दगडाच्या नियमांनीं उभी राहते. दरवाजा मात्र माणसांच्या नियमांनीं चालतो. त्यामुळें भिंत किती पक्की आहे हें पाहून झाल्यावर दरवाजाची चौकशी वेगळी करावी लागते.

प्रस्तुत लेखांत ज्या तटबंदीची हकीकत सांगावयाची आहे ती दगडाची नाहीं. संगणकांच्या जाळ्याभोंवतीं ती घातलेली असते, आणि तिला फायरवॉल असें म्हणतात. हा शब्द आतां आपल्याकडील बँकांत, कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांतही रुळला आहे. डिसेंबर २०१५ मध्यें ज्युनिपर नेटवर्क्स या अमेरिकन कंपनीच्या फायरवॉलमध्यें एक नव्हे, दोन चोरदरवाजे सांपडले. तज्ज्ञ मंडळींनीं त्या प्रकरणाचा कीस काढला. परंतु तें निव्वळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचें प्रकरण नव्हे. नागरिकाच्या खाजगी पत्रव्यवहारांत डोकावण्यासाठीं राज्यसंस्थेस एक गुप्त वाट असावी कीं नसावी, हा वाद आज अनेक देशांत चालूं आहे. त्या वादांत दोन्ही बाजूंनीं तर्कच अधिक लढविले जातात. ज्युनिपरचें प्रकरण हा तर्क नसून घडलेला इतिहास आहे. म्हणून तें क्रमवार मांडण्याचें योजिलें आहे.

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामांतला. एका इमारतीस लागलेली आग शेजारच्या इमारतीस पोंचूं नये म्हणून मध्यें जी जाड, न जळणारी भिंत बांधीत, तिचें हें नांव. संगणकांच्या क्षेत्रांत तो शब्द आला तो १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तोंपर्यंत इंटरनेट म्हणजे विद्यापीठें व संशोधनसंस्था यांचें एक लहानसें गांव होतें. सर्व एकमेकांस ओळखणारे; सबब दारांना कड्या घालण्याची चाल फारशी नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस यानें लिहिलेली एक आज्ञावली या जाळ्यांत सुटली. स्वतःच्याच प्रती काढीत ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात होती. त्या काळीं जाळ्यास सुमारें ६०,००० यंत्रें जोडलेलीं होतीं. त्यांपैकीं सुमारें ६,००० यंत्रें तिनें बेजार केलीं असा अंदाज तेव्हां करण्यांत आला. गांवाचें शहर होऊं लागलें आहे आणि शहरास वेस हवी, ही जाणीव त्या घटनेनें सर्वांस करून दिली.

वेशी बांधण्याचें शास्त्र पुढील पांचसहा वर्षांत आकारास आलें. १९९० मध्यें बेल प्रयोगशाळेंतील विल्यम चेसविक यांनीं आपल्या संस्थेच्या वेशीची रचना एका निबंधांत सांगितली. १९९४ मध्यें त्यांनीं व स्टीव्हन बेलोव्हिन यांनीं मिळून या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९३ मध्यें इस्रायलांत स्थापन झालेल्या चेक पॉइंट या कंपनीनें फायरवॉल ही बाजारांत विकत मिळणारी वस्तु करून टाकली. प्रयोगशाळेंतील युक्ति अशा रीतीनें दुकानांत आली.

फायरवॉलचें काम समजण्यास टपालाचा दृष्टान्त पुरेसा आहे. जाळ्यावरून जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागलेला असतो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता, आणि घेणाराच्या घराचें कोणतें दार ठोठवावयाचें त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. फायरवॉल वेशींत बसून हें सर्व वाचते, आपल्याजवळील नियमांच्या यादीशीं ताडून पाहते, आणि पाकीट आंत सोडावें कीं फेंकून द्यावें हें ठरविते. पुढें तिच्यांत सुधारणा झाली. आलेलें पत्र हें आंतल्या माणसाच्या पत्राचें उत्तर आहे कीं कोणा आगंतुकानें आपण होऊन पाठविलेलें आहे, हेंही ती लक्षांत ठेवूं लागली. याच्या जोडीस तिच्याकडे दुसरें एक काम आलें. एकाच संस्थेच्या दोन गांवींच्या कचेऱ्यांतील पत्रव्यवहार सार्वजनिक जाळ्यावरूनच जावयाचा. तो वाटेंत कोणास वाचतां येऊं नये म्हणून इकडची फायरवॉल तो सांकेतिक लिपींत घालते व तिकडची फायरवॉल तो उलगडते. म्हणजे वेशीवरचा दरवान तोच, आणि सांकेतिक लिपीचा चिटणीसही तोच.

या दोन्ही कामांवर देखरेख करणारा एक कारभारी असतो. आपलें नांव व परवलीचा शब्द सांगून तो यंत्रांत प्रवेश करतो. त्यास नियमांची यादी बदलतां येते, नवीं दारें उघडतां येतात, रोजनिशींतील नोंदीही पुसतां येतात. कारभारी म्हणून कोणास प्रवेश द्यावयाचा व कोणास नाकारावयाचा, या एका निर्णयावर बाकीची सारी तटबंदी उभी असते. तो निर्णय चुकला कीं भिंत कितीही जाड असून उपयोग नाहीं. इतकेंच नव्हे, तर अशी भिंत नसलेली बरी. कारण भिंत नसेल तर माणूस निदान सावध राहतो, भिंत आहे असें वाटलें म्हणजे तो निर्धास्त झोंपतो.

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९९७ मध्यें कॅलिफोर्नियांत नेटस्क्रीन नांवाची कंपनी निघाली. फायरवॉलचें काम सर्वसाधारण संगणकावर न सोंपवितां त्यासाठीं खास घडविलेलें स्वतंत्र यंत्र विकणें, हा तिचा धंदा. या यंत्राच्या पोटांतील आज्ञावलीस स्क्रीनओएस असें नांव होतें. २००४ मध्यें ज्युनिपर नेटवर्क्सनें ही कंपनी सुमारें ४ अब्ज डॉलर किंमतीस विकत घेतली. किंमतीवरूनच या मालाची प्रतिष्ठा ध्यानांत येईल. मोठमोठ्या व्यापारी कंपन्या व सरकारी खातीं आपल्या वेशी या यंत्रांच्या स्वाधीन करून निश्चिंत झालीं होतीं.

१७ डिसेंबर २०१५ रोजीं ज्युनिपरनें जाहीर केलें कीं, आपल्याच आज्ञावलीची अंतर्गत तपासणी चालूं असतां स्क्रीनओएसमध्यें कांहीं अनधिकृत ओळी आढळून आल्या आहेत. त्या ओळींचे परिणाम दोन होते. दूरवर बसलेल्या परक्या माणसास कारभारी म्हणून यंत्रांत शिरतां येत होतें, हा पहिला. दुसरा असा कीं, दोन कचेऱ्यांमधील सांकेतिक वाहतूक वाटेंत ऐकणारास ती उलगडतां येत होती. कंपनीनें शुद्ध केलेल्या आवृत्त्या त्याच दिवशीं उपलब्ध करून दिल्या आणि ग्राहकांनीं त्या तांतडीनें बसवाव्या अशी विनंती केली. परंतु त्या ओळी कोणीं घातल्या आणि त्या तेथें इतकी वर्षें कशा राहिल्या, हें निवेदनांत नव्हतें.

आपल्या जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकास हा प्रकार अगदीं अपरिचित वाटूं नये. मूळ ग्रंथकाराच्या नांवावर मागाहून कोणीतरी चार ओंव्या घुसडून देतो. पुढचा लेखक त्या इमानानें उतरून घेतो. आणि दोनतीन पिढ्यांत त्या मूळच्याच वाटूं लागतात. अशा ओंव्यांस आपण प्रक्षिप्त म्हणतों. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अपपाठ दूर करण्यासाठींच. प्रक्षेप ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे दोन प्रती शेजारीं ठेवून पाठभेद पाहावयाचे. ज्युनिपरच्या निवेदनानंतर जगभरच्या संशोधकांनीं नेमकें हेंच केलें. माणसास वाचतां येईल अशी मूळ संहिता कंपनीच्या तिजोरींत होती; लोकांच्या हातीं होती ती केवळ यंत्रास समजणारी, अंकांच्या जंगलासारखी प्रत. तरीही सदोष आवृत्ति व शुद्ध आवृत्ति यांची ओळीस ओळ लावून त्यांनीं भेद शोधून काढला. फॉक्स-आयटी या डच संस्थेस पहिल्या चोरदरवाजाची किल्ली सांपडण्यास अवघे सहा तास लागले. २० डिसेंबर रोजीं रॅपिड७ या संस्थेचे एच. डी. मूर यांनीं ती जाहीर केली. कारभाऱ्याचा प्रवेश बाहेरच्या जाळ्यावरून मागतां येईल अशीं सुमारें २६,००० नेटस्क्रीन यंत्रें त्या वेळीं त्यांच्या पाहणींत दिसलीं.

ती किल्ली म्हणजे एक परवलीचा शब्द होता. कारभाऱ्याचें नांव व शब्द तपासणाऱ्या भागांत एक छोटीशी तुलना घुसडलेली होती: समोरच्यानें टाइप केलेला शब्द या ठराविक शब्दाशीं जुळला तर पुढची चौकशी न करतां त्यास कारभारी समजावें. यंत्रावर अस्तित्वांत असलेलें कोणतेंही नांव त्यास चालत असे. यांतील धूर्तपणा शब्दाच्या निवडींत होता. तो कोणा माणसाचें नांव किंवा एखादी अर्थपूर्ण संज्ञा नव्हता. आज्ञावली लिहिणारे लोक चुका शोधतांना यंत्राकडून मधूनमधून माहिती छापून घेतात. त्यासाठीं चिन्हांच्या ज्या ओबडधोबड ओळी ते लिहितात, हुबेहूब तशी ती ओळ दिसत होती. अशा शेंकडों ओळी त्या आज्ञावलींत जागोजाग होत्या. वाचणाराची नजर तिच्यावरून सहज घसरावी, याच हेतूनें ती घडविलेली होती. प्रक्षेपकारानें मूळ कवीची शैली उत्तम साधली होती, असें म्हणावें लागतें. पुढें कंपनीनेंच स्पष्ट केलें कीं, हा दरवाजा ६.३.० मालिकेच्या सतराव्या आवृत्तीपासून विसाव्या आवृत्तीपर्यंत होता.

पहिला दरवाजा चोरानें स्वतः खणलेला होता. दुसऱ्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि आपल्या विषयाचें मर्म तिच्यांतच आहे.

सांकेतिक लिपीचें सारें बळ न ओळखतां येणाऱ्या अंकांत असतें. फांसे टाकून दान पडावें तसे हे अंक कोणासही आधीं सांगतां येतां कामा नयेत. यंत्राजवळ फांसे नसतात. म्हणून एखाद्या गणिती रीतीनें तें अंक उत्पन्न करतें. २००६ मध्यें अमेरिकेच्या मानकसंस्थेनें अशा चार रीती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केल्या. त्यांपैकीं ड्युअल ईसी या नांवाची रीत अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तवार्ता खात्यानें पुढें केलेली होती. तिच्यांत एका वक्ररेषेवरील दोन बिंदु आधारास घेतलेले असतात. २००७ च्या ऑगस्टमध्यें मायक्रोसॉफ्टमधील डॅन शुमो व नील्स फर्ग्युसन या दोघांनीं एका परिषदेंत दाखवून दिलें कीं, या दोन बिंदूंमधील गुप्त नातें ज्यास माहीत असेल, त्यास यंत्रानें काढलेल्या अंकांचा एक लहानसा तुकडा पाहून पुढचे सर्व अंक आधींच सांगतां येतील. तें नातें कोणास माहीत आहे असा आरोप त्यांनीं केला नाहीं. परंतु बिंदु ज्यानें निवडले त्यास तें माहीत असूं शकतें, एवढें उघड झालें. सप्टेंबर २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन यांनीं बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून वृत्तपत्रांनीं या संशयास पुष्टि दिली, आणि पुढच्या वर्षीं मानकसंस्थेनें ही रीत मागें घेण्याचें पाऊल उचललें.

ज्युनिपरनें हीच रीत २००८ मध्यें स्क्रीनओएसमध्यें घेतलेली होती. २०१३ मध्यें गवगवा झाला तेव्हां कंपनीनें ग्राहकांस धीर दिला. आम्ही ही रीत वापरतों हें खरें, पण त्यांतील एक बिंदु आमचा स्वतःचा आहे, आणि तिचे अंक आम्ही दुसऱ्या एका विश्वसनीय रीतींतून पुन्हां गाळून घेतों, असा त्या खुलाशाचा आशय होता. पुढें २०१५ च्या डिसेंबरांत व २०१६ मध्यें स्वतंत्र संशोधकांनीं ती आज्ञावली उलगडून पाहिली तेव्हां हा धीर पोकळ ठरला. गाळणी तेथें लिहिलेली होती, पण ती चालतच नव्हती. गणना करणारा एक अंक दोन ठिकाणीं सामाईक वापरल्यामुळें गाळण्याचें काम सुरू होण्यापूर्वींच संपल्यासारखें होई, आणि मूळचे न गाळलेले अंक तसेच बाहेर पडत. त्याच २००८ च्या आवृत्तींत आणखी एक बदल झालेला होता. दोन यंत्रें बोलणें सुरू करतांना एकमेकांस जो यादृच्छिक तुकडा उघडपणें पाठवितात, तो २० बाइटांवरून ३२ बाइटांचा करण्यांत आला. ड्युअल ईसीचें गुपित फोडण्यास सुमारें ३० बाइट लागतात. गुप्त नातें जाणणारास लागेल तेवढें साहित्य अशा रीतीनें यंत्र आपण होऊन चव्हाट्यावर मांडीत होतें.

आणि मग २०१२ सालीं कोणीतरी तो बिंदु बदलला. त्यानें नवी भिंत फोडली नाहीं कीं नवा बोगदा खणला नाहीं. आज्ञावलींतील एक मोठी संख्या पुसून तिच्या जागीं दुसरी संख्या लिहिली, एवढेंच. चोरवाट आधींच बांधून तयार होती; तिच्या दारावरचें जुनें कुलूप काढून त्यानें आपलें कुलूप लावलें. त्यानंतर तीन वर्षेंपर्यंत कोणती वाहतूक कोणीं उलगडून वाचली, हें कळण्यास मार्ग नाहीं. कारण वाटेंत बसून ऐकणाराच्या पावलांचे ठसे उमटत नसतात. कंपनीनें स्वतःच सांगितलें कीं, या दुसऱ्या दोषाचा उपयोग झाला कीं नाहीं हें ओळखण्याचें साधन उपलब्ध नाहीं. पहिल्या दरवाजानें शिरणाराची नोंद रोजनिशींत होई. परंतु कुशल चोर ती पुसून जाईल, हेंही तिनेंच सांगितलें.

हा चोर कोण? निर्णायक उत्तर न्यायालयासमोर कधींच आलें नाहीं. तथापि २०२० मध्यें अमेरिकन काँग्रेसच्या कांहीं सभासदांनीं कंपनीस लेखी प्रश्न विचारले. तिच्या उत्तरांत या कृत्यामागें एक परराष्ट्र होतें असें म्हटल्याचें रॉयटर्सनें प्रसिद्ध केलें. २०२१ च्या सप्टेंबरांत ब्लूमबर्गनें असें वृत्त दिलें कीं, ड्युअल ईसी रीतीचा स्वीकार अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आग्रहामुळें झाला होता, आणि पुढील फेरफार चीनशीं संबंध असलेल्या एका टोळीकडून झाले. वृत्तपत्रांचीं हीं विधानें पुराव्याच्या शेवटच्या कसोटीस उतरलेलीं नसलीं, तरी ज्या गोष्टी निर्विवाद सिद्ध आहेत त्या आमच्या निष्कर्षास पुरेशा आहेत. गुप्त वाट ठेवतां येईल अशी एक रीत प्रमाण म्हणून प्रचारांत आली; ती एका प्रतिष्ठित तटबंदींत बसविण्यांत आली; आणि ती वाट ज्यांच्यासाठीं असेल त्यांच्याखेरीज तिसऱ्याच कोणीतरी ती बळकावली. या तीन पायऱ्यांबद्दल आज शंका उरलेली नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. खुनी, दहशतवादी, मुलांस पळविणारे लोक हींच सांकेतिक साधनें वापरतात. न्यायालयाचा हुकूम हातीं असूनही पोलिसांनीं बंद दारासमोर हात चोळीत उभें राहावयाचें काय, असा त्या बाजूचा प्रश्न आहे. तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ज्युनिपरचें प्रकरण उघड झाल्यावर दोनच महिन्यांनीं, फेब्रुवारी २०१६ मध्यें, सॅन बर्नार्डिनो येथील हत्याकांडांतील आरोपीचा फोन उघडण्यासाठीं ॲपल कंपनीनें खास आज्ञावली लिहून द्यावी असा न्यायालयाचा हुकूम निघाला. कंपनीनें विरोध केला; आणि मार्चमध्यें पोलिसांस दुसरा मार्ग सांपडल्यानें खटला निकालावांचून संपला. त्या वादांत सरकारपक्षाची भूमिका अशी होती कीं, दार एकाच फोनपुरतें, एकाच वेळेपुरतें व आमच्याच हातीं राहील.

या भूमिकेची खरी अडचण हेतूची नसून दाराची आहे. दारास मालकाचा हेतु कळत नाहीं. ग्रीस देशांत २००४ व २००५ सालीं हाच धडा मिळाला होता. तेथील व्होडाफोन कंपनीच्या यंत्रांत, कायदेशीर रीतीनें फोन ऐकण्याची जी सोय सरकारसाठीं होती, तीच कोणा अज्ञातांनीं गुपचूप चालूं केली, आणि पंतप्रधान कोस्तास कारामान्लिस यांच्यासह सुमारें शंभर जणांचीं संभाषणें कित्येक महिने ऐकलीं. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेंतही तसेंच घडलें. चिनी हेरांनीं दूरध्वनि कंपन्यांच्या यंत्रणेंत शिरकाव केला, आणि न्यायालयीन हुकुमानें पोलिसांसाठीं गोळा होणारी कांहीं माहिती त्यांच्या हातीं लागली असें तेथील सरकारनेंच जाहीर केलें. ज्या सरकारांनीं हीं दारें ठेवविलीं, त्यांचेच पंतप्रधान आणि त्यांच्याच तपासांतील माहिती त्या दारांतून बाहेर गेली. कुंपणानेंच शेत खावें, अशी आपली म्हण आहे. येथें कुंपणास तो दोष देण्याचेंही कारण नाहीं. ज्यांनीं कुंपणांत वाट ठेविली, त्यांच्याच शेतांत गुरें शिरलीं.

आपल्या देशासही हा प्रश्न परका नाहीं. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमानें सांकेतिक मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार सरकारास दिलेला आहे. २०२१ च्या नियमांनीं मोठ्या संदेशसेवांवर मूळ संदेश कोणीं धाडला हें सांगूं शकण्याची अट घातली, आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲपनें दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली. चोरदरवाजा बांधा असें हीं कलमें म्हणत नाहींत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु अशा अधिकारांचा विचार करतांना कायदेपंडित बहुधा एकच प्रश्न विचारतात: हा अधिकार कोणाच्या हातीं असावा? ज्युनिपरचा इतिहास त्यापुढें दुसरा प्रश्न जोडतो: तो अधिकार बजावण्यासाठीं यंत्रांत जी सोय करावी लागेल, ती उद्यां दुसऱ्या कोणाच्या हातीं गेली तर? पहिल्या प्रश्नाचें उत्तर संविधान व न्यायालय देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर त्यांच्या आवांक्याबाहेरचें आहे. कारण बिंदु बदलणारा मनुष्य कोणत्याही न्यायालयाचा हुकूम घेऊन आलेला नव्हता.

या प्रकरणांतून निघणारी दुसरी शिकवण आम्हांस तितकीच मोलाची वाटते. दोष उघड झाला तो आधीं कंपनीच्या तपासणीनें, आणि त्याचें खरें स्वरूप कळलें तें बाहेरच्या वाचकांनीं पाठ ताडून पाहिल्यामुळें. इतके दिवस जी गोष्ट झांकली राहिली, तिची किल्ली चार डोळ्यांपुढें येतांच सहा तासांत सांपडली. याचा अर्थ असा कीं, तटबंदी बांधणारे कितीही थोर असोत, तिची परीक्षा करण्याचा अधिकार त्यांच्याच हातीं ठेवून चालत नाहीं. २०१३ मधील कंपनीचा खुलासा लबाडीचाच होता असें आम्ही म्हणत नाहीं. गाळणी चालूं आहे असें तिच्या लोकांस खरोखरच वाटत असेल. परंतु वाटणें आणि पडताळून पाहणें यांतील अंतर येथें जगभरच्या पत्रव्यवहारानें भरून काढावें लागलें. जानेवारी २०१६ मध्यें ती रीत व ती गाळणी दोन्ही काढून टाकण्याचा निर्णय ज्युनिपरनें जाहीर केला. हा निर्णय योग्यच होता. तो २०१३ मध्यें, किंबहुना २००७ मधील त्या छोट्याशा व्याख्यानानंतरच झाला असता, तर वर सांगितलेल्या इतिहासाचा बराचसा भाग लिहावाच लागला नसता.

आपला पैसा, आपल्या आजारपणाचे कागद, मुलाबाळांचीं पत्रें हीं सर्व आतां अशाच वेशींतून ये-जा करतात. त्या वेशी बांधण्याचें शास्त्र प्रत्येकानें शिकावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वेशीस एखादी गुप्त वाट असावी असा आग्रह जेव्हां कोणी धरील, मग तो आग्रह कितीही थोर हेतूनें धरलेला असो, तेव्हां तिची किल्ली कोणाजवळ राहील एवढेंच विचारून थांबूं नये; तें कुलूप दुसऱ्या कोणीं बदललें तर तें आपणांस केव्हां कळेल, हेंही विचारावें. ज्युनिपरच्या ग्राहकांस तें कळावयास तीन वर्षें लागलीं.